बिल्डरचा कॅन्सलेशन फॉर्म आम्ही का भरला नाही

बुक केलेला फ्लॅट नको झालाय असं बिल्डरच्या ऑफिसात सांगितलं की समोरचा माणूस वाद घालेल, असं आपल्याला वाटतं. तसं काही होत नाही. तो ड्रॉवरमधून एक फॉर्म काढतो आणि पेन पुढे करतो. आमच्यापुढेही तसाच फॉर्म आला. एकच पान. वर फ्लॅट नंबर आणि नाव, खाली बँकेचा तपशील आणि मधे ‘रद्द करण्याचे कारण’ असा रकाना. त्या रकान्यात ‘वैयक्तिक / आर्थिक’ हे दोनच पर्याय छापलेले. तिसरा नाही. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं, की करारातल्या तरतुदीप्रमाणे एकूण किमतीच्या १० टक्के रक्कम कापून उरलेली रक्कम, फ्लॅट पुन्हा विकला गेल्यावर, बिनव्याजी परत मिळेल.

“सर, हे फक्त प्रोसेससाठी असतं,” तो म्हणाला. बायकोने फॉर्मची घडी घालून पर्समध्ये टाकला आणि “घरी वाचून कळवतो” म्हणून आम्ही निघालो.

आमचा प्रकार थोडक्यात असा. पुण्याजवळ मोशीला एका बारा मजली इमारतीत टू बीएचके, किंमत ५४ लाख. करारनामा मार्च २०१८ मध्ये रजिस्टर झाला. त्यात ताब्याची तारीख ३१ डिसेंबर २०१९. २०२१चा उन्हाळा आला तेव्हा आरसीसीचा सांगाडा उभा होता, विटकाम अर्धवट होतं आणि लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलेलं होतं. स्लॅब संपले तसे टप्प्याचे ७० टक्के, म्हणजे जवळपास ३८ लाख, आमच्याकडून गेले होते. त्यातला मोठा भाग बँकेचा. दर महिन्याला एका हाताने प्री-ईएमआय, म्हणजे ताब्याआधीचं कर्जाचं नुसतं व्याज, आणि दुसऱ्या हाताने घरभाडं. कोरोनाची दुसरी लाट ओसरल्यावर आम्ही ठरवलं, की आता बास.

शिवाजीनगर कोर्टाजवळ ऑफिस असलेल्या एका वकीलबाईंचं नाव मित्राने सुचवलं. त्यांनी फाइल उघडायच्या आधीच विचारलं, “तुम्हाला फ्लॅट नकोय, की त्याने वेळेत दिला नाही म्हणून नकोय?” मला दोन्ही एकच वाटलं. त्यांनी मान हलवली. “पैशाच्या हिशेबात फार फरक आहे, साहेब.”

पुढचं सगळं याच फरकावर उभं राहिलं, म्हणून तो नीट सांगतो.

आपल्याला आपल्याच कारणाने करारातून बाहेर पडायचं असेल, म्हणजे बदली झाली, लग्न मोडलं, दुसरीकडे स्वस्त मिळालं, तर करार मोडणारे आपण. मग समोरच्याला कपातीचा हक्क पोचतो. तोही अमर्याद नाही. भारतीय करार कायदा १८७२चं कलम ७४ सांगतं, की करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका मोठ्या बिल्डरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे करारात २० टक्के जप्तीचं कलम होतं. न्यायालयाने तो करार एकतर्फी ठरवला आणि १० टक्क्यांचीच कपात राखली. ग्राहक तिथे बाजारभाव पडले म्हणून मागे फिरला होता, म्हणजे कारण त्याचं होतं, तरीसुद्धा.

पण समोरच्यानेच करार मोडला असेल तर गोष्ट उलटी फिरते. करार कायद्याचं कलम ५५ म्हणतं, की वेळ हा कराराचा गाभा असेल आणि ठरल्या वेळेत काम झालं नाही, तर करार रद्द करायचा की नाही हे ज्याचं नुकसान झालं तो ठरवेल. कलम ७५ म्हणतं, की ज्याने रास्तपणे करार रद्द केला त्याला भरपाई मिळेल. फ्लॅटच्या बाबतीत एवढ्या लांब जावं लागत नाही, कारण २०१६च्या रेरा, म्हणजे बिल्डर-ग्राहक व्यवहारांसाठीच्या, कायद्याचं कलम १८ आहे. करारातल्या तारखेला ताबा दिला नाही तर ग्राहकापुढे दोन वाटा असतात. एक, प्रकल्पातून बाहेर पडायचं आणि भरलेली रक्कम व्याजासकट परत घ्यायची. दोन, थांबायचं आणि ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज घ्यायचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा परताव्याचा हक्क बिनशर्त असल्याचं सांगितलं. उशीर का झाला याच्या कहाण्यांनी तो कमी होत नाही. बिल्डरच्या फॉर्ममध्ये ‘वैयक्तिक’वर टिक केली असती, तर ‘बिल्डरने करार मोडला’ या रांगेतून उठून आपण आपल्या पायाने ‘ग्राहकाने करार मोडला’ या रांगेत जाऊन बसलो असतो.

वकीलबाईंनी दुसरी गोष्ट विचारली, ती मला जास्त टोकदार वाटली. “मधल्या काळात नव्या तारखेला कुठे संमती दिलीत का?” कलम ५५चा शेवटचा परिच्छेद बऱ्याच जणांना माहीत नसतो. वेळ टळल्यावर तुम्ही उशिराचं काम स्वीकारलंत आणि त्याच वेळी ‘भरपाईचा हक्क राखून ठेवतोय’ असं कळवलं नाहीत, तर त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही.

२०२० मध्ये बिल्डरने सगळ्यांना एक पत्र पाठवलं होतं. ‘सुधारित ताबा दिनांकास माझी संमती आहे’ असं छापलेलं आणि सही केल्यास कव्हर्ड पार्किंगच्या रकमेत सवलत. आमच्या ग्रुपवर पार्किंगचीच चर्चा जास्त झाली आणि बऱ्याच जणांनी सह्या करून दिल्या. बायको एका कंपनीत पर्चेसला आहे. उशिरा माल देणाऱ्या व्हेंडरला काय लिहायचं हे तिचं रोजचं काम. तिने दोन ओळींची मेल टाकली होती: करारातली तारीख आम्हाला लागू आहे, सुधारित तारखेला आमची संमती नाही, आमचे सर्व हक्क राखून ठेवत आहोत. त्यानंतर जेव्हा जेव्हा डिमांड लेटरचे पैसे गेले तेव्हा हीच ओळ पुन्हा चिकटवली. वकीलबाईंनी त्या मेल्सच्या प्रिंट पाहिल्या आणि पहिल्यांदाच चहा मागवला.

नोटीस त्यांनी दीड पानातच संपवली. करारातल्या नोटिशीच्या कलमात जो पत्ता आणि जी ईमेल होती, तिथेच रजिस्टर एडी आणि मेल. बिल्डरच्या नव्या चकाचक ऑफिसवर नाही. मी सुचवत होतो, की ‘सहा महिन्यांत ताबा द्या, नाहीतर पैसे परत करा’ असं दोन्ही लिहू. त्यांनी ते खोडलं. बाहेर पडायचं म्हणजे बाहेर पडायचं. दोन्ही दगडांवर पाय ठेवलेली नोटीस समोरच्याला सहा महिने भेट देते.

घाईचं आणखी एक कारण होतं. बिल्डर सांगत होता की दिवाळीपर्यंत भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, येतंय. जानेवारी २०२१ मध्ये गुरुग्रामच्या एका प्रकल्पाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकांचे दोन गट केले होते. ज्यांच्या टॉवरला भोगवटा मिळून ताबा देऊ केला होता त्यांना सांगितलं, ताबा घ्या आणि उशिराची भरपाई घ्या. ज्यांच्या टॉवरला तो नव्हता त्यांना परतावा. ते ग्राहक कायद्याखालचं प्रकरण होतं, पण बाईंचं म्हणणं, उगाच वादाला जागा कशाला ठेवा. (दिवाळी आली आणि गेली, भोगवटा आला नाही. पण ते तेव्हा कोणाला ठाऊक?)

बिल्डरचं उत्तर वाचून मला हसू आलं. उशिराची कारणं म्हणून नोटाबंदी, जीएसटी, वाळूटंचाई आणि कोरोना. नोटाबंदी नोव्हेंबर २०१६ची, जीएसटी जुलै २०१७चा आणि आमचा करार मार्च २०१८चा. म्हणजे ही दोन्ही संकटं येऊन गेल्यावर, त्यांच्यासकट हिशेब करून त्यांनी डिसेंबर २०१९ ही तारीख स्वतःच्या हाताने लिहिली होती.

कोरोनाचा मुद्दा मात्र वजनाचा होता. महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, २०२० मध्ये प्रकल्पांना सहा महिन्यांची मुदतवाढ दिली होती, २०२१ मध्ये पुन्हा सहा महिन्यांची. पण पहिली वाढ १५ मार्च २०२० किंवा त्यानंतर मुदत संपणाऱ्या प्रकल्पांना होती. आमच्या करारातली तारीख त्याच्या आधीच उलटून गेलेली. यावर बिल्डरचं म्हणणं असं, की महारेराच्या साइटवर आमच्या प्रकल्पाची पूर्णत्वाची तारीख २०२१ची आहे, सबब मुदतवाढ लागू.

महारेराकडे ऑनलाइन तक्रार केली, फी पाच हजार रुपये. आधी तडजोडीसाठीच्या सलोखा मंचात बसलो. तिथे बिल्डरच्या बाजूने ‘दुसऱ्या प्रकल्पात फ्लॅट देतो’ यापलीकडे काही आलं नाही, म्हणून ते लवकर आटोपलं. सुनावणी व्हिडिओवर झाली. मी घरच्या जेवणाच्या टेबलावर इस्त्रीचा शर्ट घालून बसलेलो, मागे कुकरची शिट्टी. सगळा वाद एका प्रश्नावर आला: तारीख कुठली धरायची, साइटवरची की करारातली?

याचं उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच, नीलकमल रिअल्टर्सच्या प्रकरणात दिलेलं होतं. प्रकल्प नोंदवताना बिल्डरला पूर्णत्वाची नवी तारीख देता येते, ती त्याला रेराच्या कारवाईपासून वाचवते. पण त्याने ग्राहकाबरोबरच्या करारातलं ताब्याचं कलम पुन्हा लिहिलं जात नाही. वकीलबाईंनी त्या निकालातला तेवढाच परिच्छेद वाचला आणि करारातलं ताब्याचं पान स्क्रीनसमोर धरलं. समोरच्या वकिलांनी मग विषय व्याजाच्या दराकडे नेला, तेव्हाच मला अंदाज आला.

ऑर्डर आमच्या बाजूने लागली. भरलेली रक्कम, भरल्याच्या दिवसापासून व्याजासकट. महाराष्ट्राच्या नियमांत हा दर ठरलेला आहे, स्टेट बँकेचा सर्वाधिक एमसीएलआर (कर्जाच्या व्याजाचा आधारदर) अधिक २ टक्के. ग्राहक उशिरा पैसे देईल तेव्हा बिल्डरने लावायचा दरही कायद्याने तोच. आमच्या वडिलांच्या वेळच्या करारांत ग्राहकाला २४ टक्के आणि बिल्डरला चौरस फुटामागे पाच रुपये असा न्याय असायचा, तो यामुळे गेला. मुद्रांक शुल्क आणि सरकारी कर मात्र परताव्यातून वगळलेले होते. ते आपापल्या दारी जाऊन मागायचे. आणि पूर्ण पैसे मिळाल्यावर आम्ही रद्दलेख, म्हणजे करार रद्द केल्याचा दस्त, करून द्यायचा.

मधल्या काळात ग्रुपवर दोन वेगळे अनुभव चालू होते. आमच्याच मजल्यावरच्या एका काकांनी बाहेर न पडता महिन्याचं व्याज मागितलं. त्यांचं गणित वेगळं होतं, मुलगा परदेशातून परत येणार होता आणि भाव वाढले होते. दुसऱ्या एका जोडप्याची नोकरी कोरोनात गेली आणि हप्ता थकला, तर बिल्डरनेच त्यांना ‘करार रद्द केला आहे’ असं पत्र पाठवलं. बिल्डरलाही रद्द करता येतं, पण रेराच्या कलम ११(५) प्रमाणे कराराच्या अटींतच. राज्याच्या आदर्श करारनाम्यात ती अट स्पष्ट आहे: तीन हप्ते थकलेले हवेत, मग रजिस्टर एडीने आणि ईमेलने पंधरा दिवसांची नोटीस, आणि त्या मुदतीत पैसे आले नाहीत तरच. इथे एकच हप्ता थकलेला आणि पत्र व्हॉट्सअॅपवर आलेलं. त्यांनी एवढंच लिहून उत्तर दिल्यावर ते पत्र हवेत विरलं.

माझ्या आतेभावाचं प्रकरण नंतरचं, २०२३चं. त्याने चिंचवडला फक्त अलॉटमेंट लेटर घेतलं होतं, करारनामा व्हायचा होता. बँकेने कर्ज कमी मंजूर केलं आणि महिन्याभरात त्याचा विचार बदलला. त्याला मी सांगितलं, लेटरची तारीख बघ. महारेराच्या २०२२च्या नमुना अलॉटमेंट लेटरप्रमाणे पंधरा दिवसांत रद्द केलं तर कपात शून्य, सोळा ते तीस दिवसांत किमतीच्या १ टक्का, एकतीस ते साठ दिवसांत दीड टक्का, त्यानंतर २ टक्के. “अरे, उद्या एकतिसावा दिवस आहे,” म्हणत तो त्याच रात्री मेल करायला बसला.

आता आमच्याकडे ऑर्डर होती, पैसे नव्हते. ऑर्डर म्हणजे चेक नव्हे. बिल्डरने मुदतीत पैसे दिले नाहीत तर वसुली वॉरंट निघतं आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. त्याला वेळ लागतो हे बिल्डरलाही माहीत. पण एक दोर आपल्या हातात असतो. बिल्डरला अपील करायचं तर रेराच्या कलम ४३(५) प्रमाणे ग्राहकाला द्यायची पूर्ण रक्कम, व्याजासकट, आधी भरावी लागते. न्यूटेकच्या निकालात ही अटही कायम राहिली. आम्ही वॉरंटसाठी अर्ज केल्यावर ऑफिसातून फोन आला. आता ‘सर’ नव्हतं, ‘दादा’ होतं.

मालकांनी केबिनमध्ये बसवून विचारलं, “किती सोडाल?” आमच्याही मानेवर एक घड्याळ टिकटिकत होतं आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. करारनाम्यावर ६ टक्क्यांनी सव्वातीन लाख मुद्रांक शुल्क भरलेलं. ते परत मिळायचं तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे, ताबा घेण्याआधी, करारनाम्यापासून पाच वर्षांच्या आत रद्दलेख रजिस्टर व्हायला हवा आणि रद्दलेखाच्या नोंदणीपासून सहा महिन्यांत अर्ज. आमची पाच वर्षं मार्च २०२३ मध्ये भरत होती. शेवटी व्याजातला काही भाग सोडला, मुद्दल पूर्ण. मनाला लागलं, पण सव्वातीन लाख आणि वॉरंटची अनिश्चित वाट एका पारड्यात टाकल्यावर सौदा तोट्याचा नव्हता. वकीलबाईंनी तडजोडीत एकच ओळ हट्टाने घातली: ठरल्या तारखेला पैसे आले नाहीत तर सवलत रद्द आणि मूळ ऑर्डर जशीच्या तशी लागू.

टीडीएसवरून शेवटची चकमक झाली. किंमत ५० लाखांच्या वर असल्यामुळे आम्ही प्रत्येक हप्त्यातून १ टक्का कापून सरकारात भरला होता, एकूण अडतीस हजारांच्या आसपास. त्यांचे अकाउंटंट म्हणाले, ते सरकारला गेले, आमच्याकडे आलेच नाहीत. बायकोने शांतपणे विचारलं, “तुमच्या पॅनवर क्रेडिट दिसतंय ना? मग तुमच्या टॅक्समध्ये ते वळतं झालंय.” अकाउंटंटने कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि आकडा बदलला.

फेब्रुवारी २०२३ मध्ये दुय्यम निबंधक कार्यालयात रद्दलेख झाला. तिथे अर्धा तास ‘आधी डीडी की आधी सही’ यावर गेला. बँकेचा माणूस मूळ करारनामा छातीशी धरून बसलेला, कर्जाच्या रकमेचा डीडी हातात पडल्याशिवाय तो सोडणार नव्हता. बिल्डरचा माणूस डीडी खिशात ठेवून अंगठ्याची वाट बघत होता. त्यावर तोड अशी निघाली, की दोन्ही डीडींचे नंबर रद्दलेखातच टाईप केलेले होते, झेरॉक्स जोडलेल्या होत्या आणि फोटो-अंगठ्याच्या खिडकीत उभं असतानाच मूळ कागद आणि डीडी टेबलावर एकाच वेळी सरकवले गेले. ऑपरेटर म्हणाला, “लवकर करा हो, मागे लाइन आहे.”

मुद्रांक शुल्काच्या अर्जासोबत मूळ करारनामा आणि नोंदणीकृत रद्दलेख दोन्ही द्यावे लागतात, तेव्हा सगळ्या पानांचे रंगीत स्कॅन आधी काढून ठेवले. रक्कम थोडी कपात होऊन खात्यात आली. नोंदणी फीचे तीस हजार मात्र परत मिळत नाहीत, ते गेले.

राहिला जीएसटी, साडेचार लाख. बिल्डरला क्रेडिट नोट, म्हणजे आधी लावलेला कर कमी करणारा कागद, काढायची मुदत केव्हाच संपलेली, त्यामुळे पूर्वी हे पैसे कोणाकडेच मागता येत नव्हते. पण २७ डिसेंबर २०२२ला केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढलं, क्रमांक १८८, की अशा रद्द झालेल्या करारांत नोंदणी नसलेला ग्राहकही स्वतः परतावा मागू शकतो. पॅनवर तात्पुरती नोंदणी घ्यायची आणि दोन वर्षांच्या आत पोर्टलवर अर्ज करायचा. सोबत बिल्डरचं प्रमाणपत्र लागतं, की त्याने हा कर भरला आहे आणि तो स्वतः याचा परतावा किंवा वजावट घेतलेली नाही, घेणार नाही. हे प्रमाणपत्र आणि करार रद्द झाल्याचं पत्र बायकोने आधीच टाईप करून नेलं होतं. निबंधक कार्यालयाच्या व्हरांड्यात, बिल्डरचा शिक्का अजून बॅगेबाहेर होता तेवढ्यात, दोन्हीवर सह्या घेतल्या. आमच्यानंतर बाहेर पडलेल्या एका कुटुंबाने हे ‘नंतर घेऊ’ म्हणून सोडलं, ते अजून त्या प्रमाणपत्रासाठी फोन करतायत.